जादाची वीज

साडेबाराला बॅटरी भरते.
कंट्रोलरवरचा पिवळा ठिपका हिरवा होतो
आणि त्यानंतरचं ऊन
कुणाच्याच मालकीचं नसतं.

गुरेघरच्या खाली, खिंडीपल्याडच्या आमच्या रानात
मंडळाचे खांब पोचलेच नाहीत.
जादा वीज विकावी तर घेणार कोण?
झटक्याच्या तारेला लागते ती थोडकीच,
एका गव्याला एकदा दचकवण्यापुरती.
बाकीची पॅनलातच जिरते,
असं वाईचा इन्नुस वायरमन म्हणाला, टेस्टर दातात धरून.
त्याच्याकडूनच केबिनमध्ये एक कॉइल बसवून घेतली.
‘कोण राहतं इथं?’
‘कोणी नाही.’
तो पुढं काही बोलला नाही.
मजुरी मात्र पुरती लावली.

केबिन म्हणजे काय,
सहा बाय आठ, पत्रा आणि सुरूच्या फळ्या,
आत लोखंडी खाट,
खिळ्याला टांगलेला तेलाचा डबा,
वाजवून वाजवून पोचे पडलेला.
गेनू ढेबे इथं अकरा हिवाळे जागला.
स्ट्रॉबेरी लागली की रात्री गवे उतरायचे
आणि तो काळोखात नुसता आवाज होऊन फिरायचा.
सकाळी चहा नेला की कप दोन्ही हातांत धरून
आधी बोटं शेकायचा, मग प्यायचा.
‘बाई, एखादी शेगडी तरी बघा,’ म्हणाला होता,
ज्या साली वेण्णा तलावाच्या होड्यांवर
दव गोठलं नि पेपरात फोटो आला, त्या साली.
बघते, म्हणाले.
फळ्या पेट घेतील, मल्चिंगचा कागद पेटेल,
असंही काही म्हणाले असेन.

मग अनुदानातून कुंपण आलं.
कुंपण झोपत नाही, चहाची वाट बघत नाही.
दिवाळी झाल्यावर गेनूला सांगितलं.
त्यानं घोंगडी गुंडाळली.
डबा विसरला की ठेवून गेला, कळलं नाही.

आता रोज दुपारी
ज्या तारेनं त्याला घालवलं
तिच्या ताटातलं उरलेलं
त्याच्याच खाटेखाली तापतं.
कॉइलभोवती मी जांभ्याचे दगड रचलेत.
सूर्य गेल्यावर ते ऊब धरून बसतात
नऊ, साडेनऊपर्यंत.
मी जाते, तळहात टेकवून बघते.
म्हशीच्या कुशीसारखे लागतात.
मालक म्हणतात, अंघोळीचं पाणी तरी तापव त्यावर.
खरंय त्यांचं.
मी म्हणते, केबिनला बुरशी धरते, खताच्या गोण्या ओलावतात.
गोण्या मी मागच्याच महिन्यात घरी आणल्या,
हे त्यांच्या ध्यानात आलेलं नाही.
किंवा आलंय.

गेनू आता वाईकडं शीतगृहाच्या फाटकावर असतो.
आमचीच फळं तिथं उणे अठरात पडून असतात.
मध्ये फोन केला. तब्येत विचारली, पोरीची सोयरीक विचारली,
आणि ठेवता ठेवता म्हणाले,
केबिन आता ऊबदार असते बरं का.
तिकडं ट्रक मागं घेतानाची पिपाणी वाजत होती.
‘काय म्हणला?’
मी परत म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना ते फारच लहान वाटलं.
तो हसला, मोकळा हसला.
‘मग उंदरांची चंगळ हाय की, बाई.’

उंदीर नाहीत.
एक पाल आहे, वरच्या फळीला,
पौषातही टक्क जागी.

काल रात्री गवा आला होता.
तारेपासून हातभर लांब
नुसता उभा राहिला, नाकातून वाफ सोडत.
मी केबिनच्या दारात.
पाठीला ऊब, तोंडावर गार वारं.
हात मागं नेऊन खिळ्यावरचा डबा काढला.
बराच वेळ धरून ठेवला.
तळाकडून तोही जरा कोमट होता.